आवाज तिचा, कान आपले

१ ऑगस्ट २०१७ रोजी न्यूझीलंडच्या मजूर पक्षाने जसिंडा आर्डर्न यांची नेतेपदी निवड केली. सार्वत्रिक निवडणुकीला दोन महिनेही उरले नव्हते. जनमत चाचण्यांत पक्षाची घसरगुंडी सुरू होती आणि आधीच्या नेत्याने त्याच दिवशी राजीनामा दिला होता. नव्या नेत्याला विचारण्यासारखे पुष्कळ होते. घरांच्या किमतींचे काय करणार, कर वाढवणार की कमी करणार, इतक्या कमी दिवसांत पक्ष उभा कसा करणार? पण त्याच संध्याकाळी दूरचित्रवाणीवर त्यांना विचारले गेले की मुले आणि करिअर यांतून काय निवडायचे, हे तुम्ही ठरवले आहे का? दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एका कार्यक्रमात सूत्रसंचालक त्याही पुढे गेला. बाईला कामावर घेताना ती पुढे बाळंतपणाची रजा घेणार की नाही हे मालकाला कळलेच पाहिजे, असे त्याचे म्हणणे. आर्डर्न त्याच्याकडे वळल्या आणि बोट रोखून बोलल्या. आपण स्वतः याविषयी पूर्वी बोललो आहोत, तेव्हा आपल्याला विचारले तर हरकत नाही. पण कामाच्या ठिकाणी कुठल्याही बाईला या प्रश्नाचे उत्तर द्यायला लावणे २०१७ सालात मुळीच खपवून घेता येणार नाही. मूल कधी होऊ द्यायचे हा तिचा निर्णय आहे आणि नोकरी मिळणे त्यावर अवलंबून असता कामा नये.

हे उत्तर जगभर गाजले. माझे लक्ष मात्र उत्तराहून प्रश्नाकडे अधिक जाते. राजकारणातल्या स्त्रियांच्या बोलण्याची चर्चा निघाली की ती त्यांच्या बोलण्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. आवाज चिरका आहे, बोलणे आक्रस्ताळे आहे, भाषण भावनेच्या आहारी गेलेले आहे. कौतुक करायचे झाले तर बायका कशा समजुतीने बोलतात, दुसऱ्याचे ऐकून घेतात, असे म्हटले जाते. दोन्ही वेळा तपासणी बोलणारीचीच होते. पण बोलणे ही काही एकटीने करायची गोष्ट नाही. समोर विचारणारा असतो, ऐकणारे असतात, कुणाला किती वेळ द्यायचा हे ठरवणारा असतो. पुरुष आणि स्त्री नेत्यांच्या बोलण्यात जो फरक आपल्याला जाणवतो, त्याचे मूळ बाईच्या गळ्यात फारसे सापडत नाही. ते विचारणाऱ्याच्या प्रश्नात, सभागृहाच्या रिवाजात आणि ऐकणाऱ्याच्या कानात सापडते. दुरुस्तीही तिथेच करावी लागेल, असे मी आग्रहाने म्हणतो.

मार्गारेट थॅचर यांच्या राजकारणाशी ज्यांचे कधी जमले नाही, त्यांनीही त्यांच्या आवाजाची कथा नीट समजून घ्यावी. १९७५ मध्ये त्या हुजूर पक्षाच्या नेत्या झाल्या आणि त्यांचा आवाज कानाला बोचतो अशी तक्रार सुरू झाली. संसदेतल्या गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज चढवावा लागे आणि चढवला की तो कर्कश ठरे. दूरचित्रवाणीचा अनुभव असलेले त्यांचे प्रसिद्धी सल्लागार गॉर्डन रीस यांनी हे काम अंगावर घेतले. नॅशनल थिएटरच्या आवाज-प्रशिक्षकाची मदत मिळाली. पट्टी खाली आणायची, वेग कमी करायचा, शब्द घोळवून सोडायचा, असा सराव झाला. सुरुवातीच्या आणि नंतरच्या ध्वनिफिती लागोपाठ ऐकल्या तर फरक कुणाच्याही लक्षात येतो. एका निवडून आलेल्या नेत्याने देशापुढे उभे राहण्याआधी स्वतःचा गळा बदलून घेतला. तिच्या पक्षातल्या पुरुषांपैकी कुणाच्या पात्रतेचा निवाडा त्याच्या स्वराच्या उंचीवरून झाला नव्हता.

आवाज बदलून प्रश्न सुटला का? १९८२ साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नामांकित नियतकालिकात मानसशास्त्रज्ञ जेफ्री बीटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. श्रीमती थॅचर यांना मुलाखतीत इतक्या वेळा मधेच का तोडले जाते, हा त्याचा विषय. संशोधकांनी एका दूरचित्रवाणी मुलाखतीतले तुकडे काढून तिऱ्हाईत श्रोत्यांना दिले आणि विचारले, बोलणाऱ्याचे बोलणे इथे संपले असे वाटते का? मुलाखतकाराने ज्या जागी तोंड घातले होते, त्यांतल्या बऱ्याच जागी श्रोत्यांनाही बोलणे संपल्यासारखेच वाटले. त्या जागी त्यांचा स्वर झपकन खाली उतरत होता आणि वाक्य संपल्याची खूण समोरच्याला मिळत होती, प्रत्यक्षात त्यांना पुढे बोलायचे असताना. निष्कर्ष असा निघाला की थॅचर नकळत चुकीच्या जागी ‘आता तुम्ही बोला’ असे सुचवत होत्या.

अभ्यास काळजीपूर्वक केलेला होता आणि निरीक्षणही खरे असेल. पण त्याचा रोख पाहण्यासारखा आहे. बोलणारीला तोडले जाते तर तिच्या स्वरात काय खोट आहे, असा तो शोध होता. पुढे पीटर बुल आणि केट मेयर या अभ्यासकांनी वेगळ्या बाजूने पाहिले. १९८७ च्या निवडणुकीच्या वेळी थॅचर आणि विरोधी पक्षनेते नील किनॉक यांनी दिलेल्या आठ मुलाखती त्यांनी तपासल्या. तोडले जाण्याच्या प्रमाणात दोघांत म्हणावा असा फरक निघाला नाही. ज्या कारणांसाठी मुलाखतकार एकाला थांबवत होते, साधारण त्याच कारणांसाठी दुसऱ्यालाही थांबवत होते. फरक होता तो वेगळाच. थॅचर तोडण्याबद्दल वारंवार तक्रार करत, ‘मला पूर्ण करू द्या’ असे बजावत, कधी कधी कुणी तोडलेले नसतानाही. त्यामुळे मुलाखतकार दांडगाई करतो आहे असे प्रेक्षकाला वाटे आणि मुलाखतकार बचावात जाई. प्रश्न टाळण्यातही दोघे जवळजवळ सारखेच होते. निम्म्याहून कमी प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तर दिले.

हे दोन अभ्यास शेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट होते. ‘बिचारीला बोलू देत नाहीत’ हे थॅचर यांच्याबाबत पुरते खरे नव्हते आणि ‘तिच्या आवाजामुळेच तिला तोडतात’ हेही पुरते खरे नव्हते. मुलाखत हा खेळच असा आहे की त्यात तोडातोड होणार. पण त्या पहिल्या शोधनिबंधाचे लक्ष बाईच्या गळ्यावर खिळलेले होते. मापाची पट्टी एकीलाच लावली तर जे सापडेल ते तिचेच वैगुण्य वाटणार.

यावर एक सद्भावनेने दिलेले उत्तर आहे आणि ते मला अधिक धोक्याचे वाटते. ते असे की स्त्रिया वेगळ्या बोलतात खऱ्या, पण हा वेगळेपणा चांगला आहे. त्या आल्या की राजकारणातली आरडाओरड कमी होईल, संवाद वाढेल. २०१५ च्या ब्रिटिश निवडणुकीत या समजुतीला मोठी संधी मिळाली. २ एप्रिलच्या दूरचित्रवाणी चर्चेत सात पक्षांचे नेते एका रांगेत उभे होते आणि त्यांत तीन स्त्रिया होत्या: स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या निकोला स्टर्जन, वेल्सच्या प्लाइड कमरी पक्षाच्या लीअॅन वूड आणि ग्रीन पक्षाच्या नॅटली बेनेट. दोन आठवड्यांनी झालेल्या दुसऱ्या चर्चेच्या शेवटी या तिघींनी एकमेकींना मिठी मारली आणि ते छायाचित्र सगळीकडे छापून आले. राजकारणात नवा, सौम्य सूर आला, असे भाष्य सुरू झाले.

भाषाशास्त्रज्ञ डेबोरा कॅमेरॉन आणि सिल्विया शॉ यांनी या चर्चांचा शब्दन्‌शब्द उतरवून अभ्यास केला आणि त्यावर पुस्तक लिहिले. कोण किती वेळ बोलले, कुणी कुणाला तोडले, कुणी थेट हल्ला चढवला, हे सारे मोजल्यावर चित्र पालटले. तिघी एका साच्यातल्या नव्हत्याच. स्टर्जन यांची शैली चांगली लढाऊ होती. मुद्द्यावर भिडणे, मधे शिरणे, प्रतिस्पर्ध्याला नाव घेऊन आव्हान देणे यांत त्या आघाडीच्या पुरुष नेत्यांच्या तोडीस तोड होत्या. बेनेट आणि वूड त्या मानाने कमी भांडल्या. एकीचे बोलणे दुसरीसारखे नव्हते, कारण एकीचा अनुभव, पक्षाची ताकद आणि मतांचे गणित दुसरीसारखे नव्हते. तरीही तिघींच्या बोलण्याला ‘बायकी’ म्हणून एकच नाव मिळाले, कारण ऐकणारे ते नाव आधीच घेऊन बसले होते. त्याच दिवसांत त्याच स्टर्जन यांना वृत्तपत्रांनी ‘ब्रिटनमधली सर्वांत धोकादायक बाई’ ठरवले. एकाच बाईचे बोलणे कुणाला मायेचे वाटले आणि कुणाला भयंकर.

कौतुकाचा हा सापळा ओळखला पाहिजे. सौम्यतेच्या बळावर ज्या बाईला आत घेतले, ती कठोर बोलली की तिने विश्वासघात केल्यासारखे होते. पुरुषाला कठोर आणि मऊ अशा दोन्ही वाटा खुल्या असतात. बाईच्या हातात आपण एकच वाट देतो आणि त्यालाच तिचा स्वभाव म्हणतो.

मग फरक मुळीच नाही का? काही आहेत, पण त्यांची कारणे पाहिली पाहिजेत. १९९७ मध्ये ब्रिटिश संसदेत एकदम १२० स्त्रिया निवडून आल्या. त्यांतल्या मजूर पक्षाच्या सदस्यांना वृत्तपत्रांनी पंतप्रधानांच्या नावाला जोडून ‘ब्लेअरच्या पोरी’ अशा थाटाचे नाव दिले. त्यानंतरच्या काही वर्षांतल्या कामकाजाचा शॉ यांनी अभ्यास केला. अध्यक्षांनी बोलायला परवानगी दिलेली नसताना बसल्या जागेवरून शेरे मारणे तिथे नियमाबाहेरचे आहे, पण सगळे सर्रास करतात आणि त्यातून सभागृहावर पकड येते. असे शेरे मारणारे बहुतांश पुरुष निघाले. स्त्रिया नियम पाळत होत्या. हा त्यांचा जन्मजात शिष्टाचार म्हणायचा का? शॉ यांनी लावलेला अर्थ मला पटतो. ज्या घरात आपण पाहुणे आहोत असे पदोपदी जाणवते, तिथे माणूस नियम जपून वागतो, कारण चूक झाली तर इतरांना माफी आहे आणि आपल्याला नाही, हे तो जाणून असतो.

अमेरिकेत हिलरी क्लिंटन यांच्या १९९२ ते २०१३ या काळातल्या मुलाखती आणि वादचर्चांचा अभ्यास जेनिफर जोन्स या राज्यशास्त्रज्ञ स्त्रीने केला. सर्वनामे, अव्यये अशा बारीकसारीक शब्दांची मोजदाद करून त्यांनी दाखवले की राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीपासून परराष्ट्रमंत्रिपदापर्यंत क्लिंटन यांचे राजकीय वजन जसजसे वाढले, तसतशी त्यांची भाषा पुरुषी समजल्या जाणाऱ्या वळणाकडे सरकत गेली. बाई तीच होती, खुर्ची बदलत गेली आणि खुर्चीबरोबर भाषा. ज्याला आपण पुरुषी भाषा म्हणतो ती बऱ्याच अंशी सत्तेची भाषा आहे. पुरुष तिथे पिढ्यान्‌पिढ्या बसलेले असल्यामुळे ती त्यांची वाटते, इतकेच.

आणि बाईने ही भाषा पूर्ण ताकदीने वापरली तर? ९ ऑक्टोबर २०१२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान जुलिया गिलार्ड संसदेत पंधरा मिनिटे बोलल्या. विरोधी पक्षनेते टोनी अॅबट यांनी सभापतींना स्त्रियांविषयीच्या गलिच्छ संदेशांवरून हटवण्याचा प्रस्ताव आणला होता. गिलार्ड यांनी अॅबट यांची जुनी विधाने एकेक करून त्यांच्यासमोर ठेवली आणि स्त्रीद्वेषाविषयीचे धडे या माणसाकडून आपण घेणार नाही, असे ठणकावले. कॅनबेरातल्या अनेक राजकीय पत्रकारांनी या भाषणाकडे अडचणीत आलेल्या सरकारचा डावपेच म्हणून पाहिले. सभापतींना वाचवण्यासाठी केलेला तो युक्तिवाद होता, हा त्यांचा मुद्दा बिनबुडाचा नव्हता. पण देशाबाहेर लाखो स्त्रियांनी तेच भाषण पुन्हा पुन्हा ऐकले, कारण आपल्या कार्यालयातल्या, घरातल्या अनुभवाला कुणीतरी सत्तेच्या खुर्चीवरून शब्द दिले, असे त्यांना वाटले. शब्द तेच होते, ऐकणारे वेगळे होते.

आता मुलाखतीकडे येतो, कारण लोकशाहीत नागरिकाच्या वतीने नेत्याला जाब विचारण्याची ती हक्काची जागा आहे. तिथे स्त्रियांवर होणारा अन्याय दुहेरी आहे. पहिला सर्वांना दिसतो. मार्च २०१७ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे आणि स्कॉटलंडच्या प्रमुख निकोला स्टर्जन ब्रेक्झिटच्या ऐन धामधुमीत भेटल्या आणि एका मोठ्या दैनिकाने पहिल्या पानावर कुणाचे पाय अधिक सुंदर याची चर्चा छापली. फेब्रुवारी २०१८ मध्ये गरोदर असलेल्या आर्डर्न यांना ऑस्ट्रेलियातल्या एका वाहिनीच्या मुलाखतकाराने गर्भधारणा कधी झाली असेल यावरून छेडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये आर्डर्न आणि फिनलंडच्या पंतप्रधान सना मरीन ऑकलंडला पत्रकारांसमोर आल्या, तेव्हा विचारले गेले की तुम्ही दोघी वयाने सारख्या आहात म्हणून भेटता आहात का? आम्ही पंतप्रधान आहोत म्हणून भेटतो आहोत, असे मरीन यांना सांगावे लागले.

दुसरा अन्याय सहसा ध्यानात येत नाही. जो वेळ मूल, कपडे, पाय, वय यांत जातो, तो कामाच्या प्रश्नांतून कापलेला असतो. पंतप्रधान बाईला घराविषयी विचारणारा तिचा अपमान तर करतोच, पण धोरणाच्या प्रश्नातून तिला सोडूनही देतो. मतदारांचे यात दोन्हीकडून नुकसान आहे. म्हणून स्त्री नेत्यांना हळुवार प्रश्न विचारा असे माझे मुळीच म्हणणे नाही. उलट त्यांना खरे अवघड प्रश्न विचारा, हीच माझी मागणी आहे.

असा प्रश्न कसा असतो, याचा एक नमुना पाहावा. २४ मे १९८३, निवडणुकीचे दिवस. बीबीसीच्या ‘नेशनवाइड’ कार्यक्रमात थॅचर यांना सामान्य मतदार थेट प्रश्न विचारत होते. सिरेन्सेस्टर इथल्या डायना गूल्ड या शिक्षिका दूरच्या स्टुडिओतून बोलत होत्या. आदल्या वर्षी, २ मे १९८२ रोजी, फॉकलंड युद्धात ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ ही युद्धनौका बुडवली होती आणि तिच्यावरचे ३२३ जण मृत्युमुखी पडले होते. गूल्ड यांनी विचारले, नौका निषिद्ध क्षेत्राबाहेर होती आणि फॉकलंडपासून दूर जात होती, तर ती बुडवण्याचा हुकूम का दिला? थॅचर म्हणाल्या, ती दूर जात नव्हती. गूल्ड यांनी नौकेची दिशा अंशांत सांगितली, २८०. ती आधीच बेटांच्या पश्चिमेला होती, मग ती दूर जात नव्हती असे कसे म्हणता? थॅचर यांनी उत्तर आपल्या खलाशांच्या जिवाला असलेल्या धोक्याकडे वळवले. गूल्ड तिथून हलल्या नाहीत. त्यांनी आवाज चढवला नाही, सौजन्य सोडले नाही आणि मुद्दाही सोडला नाही. मोठमोठ्या मुलाखतकारांना जमिनीवर आणणाऱ्या थॅचर त्या काही मिनिटांत स्पष्टपणे अडचणीत आल्या.

थॅचर यांची बाजू मांडता येते. नौका कुठल्याही क्षणी दिशा बदलू शकत होती, हा युक्तिवाद अनेक लष्करी जाणकारांनी केला आहे. मला दाखवायचे आहे ते प्रश्नाचे स्वरूप. त्या प्रश्नात थॅचर यांचा आवाज, केस, मुले, नवरा यांपैकी काहीही नव्हते. दिनांक होता, दिशा होती, माणसांच्या प्राणांचा हिशेब होता. पंतप्रधान पुरुष असता तरी प्रश्नातला एक शब्द बदलावा लागला नसता. थॅचर यांना बाई म्हणून सूट नव्हती आणि बाई म्हणून टोचणीही नव्हती. त्यांच्या पदाचा यापेक्षा मोठा मान कुणी राखला असेल असे मला वाटत नाही.

यावर रास्त आक्षेप येईल की नेत्याचे घर प्रश्नाच्या कक्षेत कधीच येऊ नये का? पुरुष नेतेही बायकामुलांसह छायाचित्रे काढून घेतात, आपल्या आईच्या कष्टांच्या गोष्टी सांगतात. मग त्यांना विचारलेले चालते, तर स्त्रियांना का नाही? आक्षेपाला उत्तर आहे आणि ते एका खऱ्या घटनेत आहे. मे २००० मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना मुलगा झाला. त्याआधी फिनलंडचे पंतप्रधान पावो लिप्पोनेन यांनी पितृत्व रजा घेतली होती, तेव्हा ब्लेअर घेणार का, अशी जाहीर चर्चा झाली. म्हणजे प्रश्न पुरुषालाही विचारला गेला. पण त्याचा अर्थ होता, पंतप्रधान रजा घेऊन बापांपुढे उदाहरण ठेवतील का? पंतप्रधानपद आणि बापपण एकत्र निभेल का, अशी शंका कुणी काढली नाही. आर्डर्न यांच्याबाबत मात्र मूल ही पात्रतेवरची शंका होती. त्यांनी २१ जून २०१८ रोजी, पंतप्रधानपदी असताना, मुलीला जन्म दिला. निवडून आलेल्या सरकारप्रमुखाने पदावर असताना मूल जन्माला घालण्याची त्याआधीची घटना १९९० ची, पाकिस्तानच्या बेनझीर भुट्टो यांची. अशा वेळी प्रसूती रजेचे धोरण, पाळणाघरे, बापांची रजा यांवर जरूर विचारावे, आणि तेच प्रश्न मंत्रिमंडळातल्या बापांनाही विचारावेत. घर हा सार्वजनिक प्रश्न आहे, असे मानायचे तर तो दोघांसाठी सार्वजनिक असला पाहिजे.

हे सारे परदेशातले म्हणून बाजूला ठेवण्याची सोय आपल्याला नाही. इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या तेव्हा राममनोहर लोहियांसारख्या समतावादी नेत्याने त्यांना ‘गूंगी गुडिया’ म्हटले. बोलली नाही तर बाहुली आणि बोलली तर कजाग, ही कोंडी आपल्याकडेही पहिल्यापासून आहे. मे २०२२ मध्ये ओबीसी आरक्षणासाठी मुंबईत झालेल्या भाजपच्या आंदोलनात तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटील यांनी खासदार सुप्रिया सुळे यांना, राजकारण कळत नसेल तर घरी जाऊन स्वयंपाक करा, अशा अर्थाचे सुनावले. ती गावाकडची बोलण्याची रीत आहे, असे त्यांनी आधी सांगितले आणि पुढे दिलगिरीही व्यक्त केली. पण आरक्षणासाठी लागणारी माहिती कुणी, कधी गोळा करायची हा मूळ प्रश्न तेवढ्यात मागे पडला आणि चर्चा स्वयंपाकावर रंगली. बाईवर घसरलेला एक शब्द धोरणाच्या अख्ख्या वादाला कसा गिळतो, ते इथे दिसले.

याच मुंबईने त्याच स्वयंपाकघरातून दिलेले उत्तरही विसरू नये. १९७२ मध्ये महागाईविरोधात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या आणि लाटणी घेऊन, थाळ्या बडवत रस्त्यावर उतरल्या. साखर, रॉकेल, धान्य यांचा जाब त्यांनी मंत्र्यांना विचारला. त्या आवाजात काहीही मंजुळ नव्हते आणि तो मंजुळ असावा अशी त्यांची इच्छाही नव्हती. गोरेगावच्या नळाला पाणी येत नाही म्हणून भांडणाऱ्या मृणालताईंना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ केले ते त्यांच्या कामावरून. १९७७ मध्ये त्या लोकसभेत पोचल्या. मराठी माणसाला मोठ्या आवाजातली बाई नवी नाही. तिच्या मुद्द्यावर तिला ओळखण्याची सवयही त्याला एकेकाळी होती.

आज ती सवय कुठे मोडते ते पाहायला दिल्लीत जायची गरज नाही. १९९३ पासून त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने गावोगाव स्त्रिया सरपंच झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत त्यांचा वाटा निम्म्यावर नेला. गावात कॅमेरा येतो. वार्ताहर सरपंचबाईंना विचारतो, नळयोजनेचे काम कुठे अडले? बाई पदर सावरून बोलू लागतात, ठेकेदाराचे बिल, टाकीची जागा, ग्रामसभेचा ठराव. दुसऱ्या वाक्याला शेजारी उभा असलेला नवरा बोलू लागतो आणि वार्ताहर माइक त्याच्याकडे वळवतो. बातमीत नवऱ्याची दोन वाक्ये येतात आणि बाईंचा चेहरा. नवऱ्याची चूक आहेच. पण माइक वळवणारा हात वार्ताहराचा असतो. त्याने तो तिथेच धरून ठेवला असता, ‘मी सरपंचांना विचारतोय’ एवढे म्हटले असते, तर त्या बाई पुढच्या वेळी तिसरे वाक्यही बोलल्या असत्या. बाई बोलत नाही, असे आपण म्हणतो. तिच्यासमोरून माइक किती वेळा गेला, ते मोजत नाही.

आणि मोजले, नियम बदलले, तर फरक पडतो. याचे चांगले उदाहरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मिळते. २०१७ मध्ये टोन्या जेकोबी आणि डिलन श्वीअर्स यांनी तिथल्या तोंडी सुनावण्यांची नोंद तपासून दाखवले की स्त्री न्यायाधीशांना त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी अधिक वेळा तोडले जाते, सहकारी न्यायाधीशांकडून आणि समोर उभ्या वकिलांकडूनही. स्त्री न्यायाधीश अनुभवाने आर्जवी सुरुवात सोडून थेट प्रश्नावर येऊ लागल्या होत्या, तरी तोडणे चालूच राहिले. देशातल्या न्यायव्यवस्थेच्या सर्वोच्च पदावर बसून, बोलण्याची रीत बदलूनही ते थांबले नाही. मग न्यायालयाने सुनावणीच्या पद्धतीत फेरफार केला. वकिलाचा नेहमीचा वेळ संपल्यावर प्रत्येक न्यायाधीशाला ज्येष्ठतेनुसार आळीपाळीने प्रश्न विचारण्याची संधी मिळू लागली. या बदलामागे त्या अभ्यासाचा हात होता, असे न्यायमूर्ती सोनिया सोटोमायॉर यांनी २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले. स्त्रियांनी गळा बदलून जे झाले नव्हते, ते कार्यपद्धती बदलून साधू लागले.

आपल्या वाहिन्यांना आणि वृत्तपत्रांना हे उद्यापासून करता येईल. चर्चेला बसलेल्या प्रत्येकाचा बोलण्याचा वेळ मोजावा आणि महिन्याकाठी जाहीर करावा. मुलाखतीचे प्रश्न लिहून झाले की नेत्याच्या नावाच्या जागी एखाद्या पुरुषाचे नाव घालून वाचावेत. जो प्रश्न विचित्र वाटेल तो खोडावा. सूत्रसंचालकाने तोडलेले वाक्य बोलणारीला परत मिळवून द्यावे. ‘आक्रमक’, ‘भावूक’, ‘आक्रस्ताळी’ ही विशेषणे लिहिण्याआधी बातमीदाराने स्वतःला विचारावे की हेच बोलणाऱ्या पुरुषाला आपण काय म्हटले असते. महिला राखीव जागेवरून आलेल्या प्रतिनिधीला ‘घर आणि राजकारण कसे सांभाळता’ हा प्रश्न कायमचा बंद करावा आणि तिच्या प्रभागाच्या अर्थसंकल्पाची प्रत वाचून तिच्यासमोर बसावे. यांतल्या कशालाही कायदा लागत नाही, पैसा लागत नाही. लागते ती तयारी, आणि गाळली जाते तीही तयारीच, कारण बाईला घराविषयी विचारायला अभ्यास करावा लागत नाही.

घाई का, तर दिवस जवळ येत आहेत. २०२४ मध्ये लोकसभेवर ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या एकशे सहाव्या घटनादुरुस्तीनुसार, जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर लोकसभा आणि विधानसभांतल्या एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या जातील. महाराष्ट्र विधानसभेच्या आजच्या २८८ जागा धरल्या तर त्या ९६ होतात. एवढ्या स्त्रिया एकदम माइकसमोर येतील. त्यांत मुत्सद्दी असतील, भांडखोर असतील, अभ्यासू असतील, कुणाच्या तरी सूनबाई म्हणून आलेल्याही असतील. पुरुषांत असतात तशाच. त्यांना आवाज-प्रशिक्षकाकडे पाठवायचे, की त्यांच्याकडून सौम्यतेची अपेक्षा करायची, हा विचारच सोडून द्यावा. एखादी आमदार चुकीचा ठेका देईल, खोटे आश्वासन देईल, प्रश्न टाळील. तेव्हा तिला फैलावर घ्या, आकडे समोर ठेवा, ती विषय बदलू लागली तर पुन्हा तिथेच आणा. आणि ती उत्तर देत असताना ते पूर्ण होईपर्यंत थांबा. लोकशाहीत लोकप्रतिनिधीला देण्यासारखा मान एवढाच आहे: तिच्या कामाविषयीचा अवघड प्रश्न, आणि त्याचे उत्तर पूर्ण करण्याइतका वेळ.